रुतलेली गाडी बाहेर काढताना

रुतलेल्या गाडीला बाहेर ओढायला किती जोर लागेल, हे तिच्या वजनाइतकेच ती किती खोल बसली आहे यावरही ठरते. अमेरिकी लष्कराचा याबाबतचा ढोबळ हिशेब असा आहे: चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका विरोध धरावा, चाके बुडून चिखल मडगार्डपर्यंत आला असेल तर दुप्पट. महिंद्रा थार माणसे आणि सामान धरून दोन टनांच्या आसपास भरते. मडगार्डपर्यंत बुडालेल्या थारला म्हणजे चार टनांचा जोर लागू शकतो, आणि गाडीला बांधलेली प्रत्येक कडी, पट्टी, बोल्ट तेवढा ताण सोसणारा हवा. त्यापेक्षा आधी तो जोरच कमी करणे स्वस्त पडते.

त्यासाठी लागते फावडे. मराठवाड्या-विदर्भातली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. त्यावर नुसती रेस दिली की चाक जागच्या जागी फिरते, खड्डा खोल होतो आणि डिफरन्शियलचा गोळा जमिनीला टेकतो. चाकांपुढची आणि गाडीच्या पोटाखालची माती उपसली तर अनेकदा ओढायची वेळच येत नाही. वाळूत टायरची हवा १८ पीएसआयच्या आसपास आणली की टायर लांबट पसरतो आणि पकड वाढते. अशा हवेवर गाडी हळू चालवावी, झटकन वळवू नये, नाहीतर टायर रिमवरून उतरतो. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची असल्याने छोटा कॉम्प्रेसर सोबत लागतोच. दातेरी रिकव्हरी बोर्डही याच टप्प्यावर कामाला येतात. ते चाकाला घट्ट टेकवून उतरते ठेवावेत आणि अगदी सावकाश क्लच सोडावा. चाक बोर्डावर गरागरा फिरले तर घर्षणाने प्लास्टिकचे दात वितळून जातात.

एवढे करूनही गाडी हलली नाही, तर दुसऱ्या गाडीने ओढणे आले. इथे पट्टीची निवड सर्वांत जास्त चुकते. दिसायला सारख्या पट्ट्यांचे काम अगदी वेगळे असते. स्नॅच स्ट्रॅप नायलॉनची असते आणि ताणल्यावर सुमारे २० टक्के लांबते. विणलेली कायनेटिक रोप ३० टक्क्यांपर्यंत. ओढणारी गाडी थोडा सैल दोर ठेवून पुढे निघते, पट्टी ताणत जाते आणि तिच्यात साठलेली ऊर्जा रुतलेल्या गाडीला उपसून काढते. टोइंगची पॉलिस्टरची पट्टी मात्र फारशी ताणत नाही. ती बंद पडलेली गाडी रस्त्यावरून न्यायला ठीक, पण तिला हिसका दिला की सगळा धक्का चासीवर आणि हुकांवर जातो. साखळी किंवा वायररोप बांधून हिसका देणे तर त्याहून वाईट.

‘जितकी जाड तितकी भक्कम’ हा दुकानातला सल्लाही फसवा आहे. स्नॅच स्ट्रॅपची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या पूर्ण भारासकट वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी. मारुती जिम्नीचे असे वजन १,५४५ किलो आहे, म्हणजे तिला साडेतीन-चार टनांची पट्टी योग्य. अकरा टनांची घेतली तर ती जिम्नीच्या जोराने ताणतच नाही आणि स्नॅच स्ट्रॅप घेण्याचा हेतूच संपतो. वेगाचेही तसेच. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. म्हणून पहिला प्रयत्न माणसाच्या चालण्याच्या वेगाने करावा आणि तो फसला तर पुन्हा फावड्याकडे वळावे.

जीव जातात ते बहुतेक वेळा पट्टीमुळे नाही, तर ती जिथे अडकवली तो भाग उखडल्यामुळे. ट्रेलर जोडण्याचा टो बॉल हिसक्याने तुटतो आणि ताणलेली पट्टी त्याला तोफगोळ्यासारखा फेकते. ऑस्ट्रेलियात अशाने माणसे दगावली आहेत. शहरी एसयूव्हीच्या बंपरमध्ये फिरवून बसवायची कडी सपाट रस्त्यावर हळू ओढण्यापुरती असते, आणि गाडीच्या पोटाखालच्या कड्या ट्रकवर किंवा जहाजात गाडी बांधण्यासाठी. चासीला बोल्टने बसवलेला, क्षमता नोंदवलेला रिकव्हरी पॉइंटच चालतो. तो गाडीला आहे की नाही, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहावे आणि मगच पट्टीवर पैसे खर्च करावेत.

पट्टी रिकव्हरी पॉइंटला जोडणारी कडी म्हणजे शॅकल. ती घेताना तिच्या अंगावरची उठावाची अक्षरे वाचावीत. १९ मिलिमीटरच्या चांगल्या बो शॅकलवर ४.७५ टन असा आकडा असतो. ती रोजच्या कामाची मर्यादा असते, तुटण्याची नव्हे. पट्टीवर मात्र सहसा तुटण्याचा आकडा छापलेला असतो. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहणे, ही नेहमीची गफलत. काहीच छापलेले नसेल ती शॅकल गेटला कुलूप लावायला बरी. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ताण आल्यावर ती जाम होत नाही. दोन पट्ट्या जोडायला शॅकल कधीही वापरू नये, कारण एक पट्टी तुटली की तो लोखंडी गोळाच उडतो. एका पट्टीच्या टोकाचा कान दुसरीच्या कानात ओवून मध्ये गुंडाळलेले मासिक घालावे. मग गाठ आवळली तरी सुटते. (हाच अंक चालेल, वाचून झाल्यावर.) अतिउच्च रेण्वीय वजनाच्या पॉलिथिनच्या धाग्यांची सॉफ्ट शॅकल वजनाला नगण्य असते आणि सुटली तरी इजा कमी करते; फक्त धारदार कडेला तिला टेकू देऊ नये.

दुसरी गाडी नसेल तर विंच. तिची क्षमता गाडीच्या पूर्ण वजनाच्या दीडपट असावी, असा संकेत आहे. छापलेला जोर ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळतो. वर दोराचे थर चढत गेले की तो घटतो. स्नॅच ब्लॉकच्या कप्पीतून दोर परत गाडीकडे आणला की जोर जवळजवळ दुप्पट होतो, वेग निम्मा. झाडाला दोर थेट बांधू नये. रुंद पट्टी बुंध्याशी खाली गुंडाळावी, नाहीतर साल सोलली जाऊन झाड वाळते. विंच बसवण्यासाठी बंपर बदलण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पाहावे; केंद्राने २०१७ मध्ये पुढच्या बंपरवरचे बुल बार याच कलमाचा भंग मानून कारवाई करायला सांगितले होते.

आपल्याकडे मदतीला बहुधा गावातला ट्रॅक्टरच येतो, आणि तो उत्तम काम करतो. दोर मात्र त्याच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. मागच्या आसापेक्षा उंच बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटू शकतो. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये सावकाश चालवावा, हिसका देऊ नये.

ओढताना दोन्ही गाड्यांत फक्त चालक असावेत. बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीइतके दूर उभे करावे आणि ताणलेल्या दोरावरून कोणालाही ओलांडू देऊ नये. दोरावर ओली गोणी किंवा जाड जॅकेट टाकले की तो तुटल्यावर खाली पडतो. खुणा एकाच माणसाने कराव्यात. गर्दी जमली की हा नियम सर्वांत आधी मोडतो.

काम झाल्यावर पट्टी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. धाग्यांत अडकलेली वाळू आतून पट्टी कापत राहते, आणि ओल्या नायलॉनची ताकदही कमी असते. कड फाटलेली किंवा शिवण उसवलेली पट्टी सामान बांधायलाही ठेवू नये. घाईत नेमकी तीच हाताला लागते. तिचे दोन तुकडे करून टाकावेत.