किडनी कोण देणार, त्याआधीचा प्रश्न

विठ्ठलवाडीहून कल्याण एकच स्टेशन. पण डायलिसिसवर असलेल्या तरुणाला तेवढाही प्रवास जड जातो. बदलापूर-अंबरनाथकडून भरून आलेली लोकल, आठवड्यातून दोन-तीन खेपा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे. वर्षभरात घर मेटाकुटीला येते. मग कोणीतरी प्रत्यारोपणाचा विषय काढते आणि आई लगेच म्हणते, ‘माझी घ्या.’ आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि त्यात आई पुढे. रक्तगट जुळला की निम्मे काम झाले, असे सगळ्यांना वाटते.

या घाईत एक प्रश्न मागे पडतो. विशीतल्या मुलाची किडनी गेली कशामुळे? मधुमेह आणि रक्तदाब ही बहुतेकदा प्रौढांची कारणे. तरुण रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात येतो तेव्हा अनेकदा दोन्ही किडन्या आक्रसलेल्या असतात, बायोप्सी करूनही फारसे हाती लागत नाही आणि केसपेपरवर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते. यातल्या काही जणांना दुर्मीळ आनुवंशिक आजार असतो. नवी किडनी किती टिकेल आणि ती कोणी द्यावी, हे मग त्या आजाराच्या नावावर ठरते.

अल्पोर्ट सिंड्रोमचे उदाहरण घ्या. किडनीतल्या गाळणीच्या पडद्याला बळकटी देणारे कोलॅजेन या आजारात सदोष असते. लहानपणापासून लघवीतून सूक्ष्म रक्त जाते, पुढे ऐकू कमी येऊ लागते आणि किशोरवयात किंवा विशी-तिशीत किडनी निकामी होते. दोष किडनीच्या बांधणीतच असल्याने दुसऱ्याची निरोगी किडनी बसवली की तिच्यात हा आजार पुन्हा होत नाही. प्रत्यारोपणाचे निकाल इतर रुग्णांइतके किंवा त्याहून चांगले असतात. शंभरातल्या तीन ते पाच जणांत मात्र शरीर नव्या किडनीतल्या, त्याला अनोळखी असलेल्या कोलॅजेनविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तेवढा धोका लक्षात ठेवावा लागतो.

खरी अडचण आईची आहे. अल्पोर्टच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला हे गुणसूत्र आईकडूनच मिळते. म्हणजे बहुतेक वेळा आई स्वतः त्या जनुकाची वाहक असते, तिच्याही लघवीत रक्त असते, फक्त कोणी तपासलेले नसते. अशा काही स्त्रियांची किडनीही उतारवयात, क्वचित आधीच, निकामी होते. तिने एक किडनी दिली तर मुलाला कमजोर किडनी मिळते आणि आई धोक्यात येते. मुलाच्या बहिणीकडेही ते जनुक असण्याची शक्यता निम्मी असते. या प्रकारात वडिलांकडे मात्र हा दोष नसतो. पण वडिलांचे नाव निघाले की ‘कमावता माणूस आहे’ म्हणून घर मागे सरते. आईच्या बाबतीत हा विचार कोणी करत नाही, मग ती चार घरची धुणीभांडी करत असली तरी.

दुसरा आजार याच्या अगदी उलट वागतो. प्रायमरी हायपरऑक्झॅलुरिया प्रकार १ मध्ये दोष यकृतात असतो. तिथले एक विकर नीट काम करत नाही, त्यामुळे ऑक्झॅलेट भरमसाट तयार होते आणि किडनीत साचते. लहानपणापासून वारंवार मूतखडे होतात. मूतखडा आपल्याकडे इतका ओळखीचा की त्याचे कोणाला काही वाटत नाही. पाणी भरपूर प्या, एवढ्यावर विषय संपतो. पुढे किडनी जाते, प्रत्यारोपण होते, आणि काही महिन्यांतच नवी किडनीही त्याच ऑक्झॅलेटने भरून बंद पडते. आजाराचे नाव तेव्हा कळते. दात्याची किडनी वाया गेल्यावर. जगभर हे घडले आहे.

या आजारात केवळ किडनी बदलून सहसा भागत नाही, यकृतही बदलावे लागते. त्यानंतरही हाडांत साठलेले ऑक्झॅलेट पुढे बराच काळ बाहेर पडत राहते. काही विशिष्ट जनुकदोष असलेल्या रुग्णांना बी-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा फायदा होतो. गोळी स्वस्त आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. लुमासिरान या इंजेक्शनला अमेरिका आणि युरोपात २०२० मध्ये मान्यता मिळाली, पण त्याची किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची आहे.

हा आजार आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच होतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे, तिथे ती शक्यता वाढते, कारण मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. डॉक्टरांनी नात्यातल्या लग्नाबद्दल विचारले तर लोक ओशाळतात किंवा चिडतात. तो तपासाचा भाग आहे, आणि त्याचे खरे उत्तर द्यावे.

जनुकीय चाचणीला खर्च येतो. पण प्रत्यारोपण, त्यानंतरची आयुष्यभराची औषधे आणि दात्याची एक किडनी, यांच्यापुढे तो थोडाच. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली यादीतल्या आजारांना ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. फॅब्री आजारातले किडनी प्रत्यारोपण त्या यादीत आहे. परळचे केईएम रुग्णालय हे या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

प्रत्यारोपणाच्या पहिल्या भेटीला जाताना जुन्या सोनोग्राफी, लघवीचे रिपोर्ट आणि काढलेल्या खड्याचा अहवाल असेल तर तोही न्यावा. घरात कोणाला कमी ऐकू येते, कोणाला खडे झाले, कोणाचे डायलिसिस झाले, हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवावे. आणि धाकट्या भावंडांची लघवी तपासावी. ही तपासणी कोणत्याही सरकारी रुग्णालयात होते. अल्पोर्टमध्ये लघवीतून प्रथिने जाऊ लागताच रामिप्रिलसारखी साधी गोळी सुरू केली, तर डायलिसिसची वेळ काही वर्षे पुढे ढकलता येते. थोरल्याला ती संधी मिळाली नसली, तरी धाकट्याला मिळू शकते.