पास्ता ए फाज्योली : एका पातेल्यातला आहारविचार

इटालियन पदार्थ म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे पिझ्झा उभा राहतो. परंतु त्या देशातील शेतकऱ्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलेले अन्न निराळेच आहे. ‘पास्ता ए फाज्योली’ म्हणजे पास्ता आणि घेवड्याचे दाणे यांचे दाट सूप. मांस न परवडणाऱ्यांचा आधार म्हणून तिकडे कडधान्यांना ‘गरिबांचे मांस’ म्हणत.

बालरोगतज्ज्ञाला या सूपाचे अगत्य वाटते ते त्यातील जोडीमुळे. गव्हाच्या प्रथिनात लायसीन कमी असते, ते घेवडा पुरवतो. घेवड्यातील मिथिओनिनची उणीव गहू भरून काढतो. आपले वरणफळ हेच कार्य करते.

ही जोडी ज्यांच्या ताटात नव्हती, त्यांची कथा करुण आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील शेतमजूर बव्हंशी मक्याच्या पोलेंटावर जगत. त्वचा खरबरीत होणे, अतिसार आणि बुद्धिभ्रंश ही त्यांच्या रोगाची लक्षणे. मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोल्ली यांनी १७७१ साली त्याचे ‘पेलाग्रा’ या नावाने वर्णन केले. मक्यातील नायसिन शरीराला सहज मिळत नाही आणि त्यात ट्रिप्टोफॅनही अल्प असते, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला. आम्हा हैदराबादकरांना हा रोग परका नाही. दख्खनमधील ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही तो आढळे; डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याची मीमांसा केली. धान्य कोणतेही असो, एकट्या धान्यावर शरीर तग धरत नाही.

आता कृती. चौघांसाठी २०० ग्रॅम बोरलोत्ती घ्यावा. तो न मिळाल्यास चित्रा राजमा किंवा साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा चालतो. दाणे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे. ऑलिव्ह तेलात बारीक चिरलेला कांदा, गाजर व सेलरी मंद आचेवर मऊ करावी. लसूण, दोन टोमॅटो, रोझमेरीची काडी, दाणे आणि सव्वा लिटर पाणी घालून कुकरमध्ये दाणे बोटाने सहज चिरडतील इतके शिजवावे. काडी काढून निम्मे दाणे घोटावेत. दाटपणा त्यानेच येतो. मग १२० ग्रॅम बारीक पास्ता त्यातच शिजवावा. शेवटी मीठ, मिरपूड आणि किसलेले पार्मेझान चीज घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे.

एक इशारा आवश्यक आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी द्रव्य असते. अर्धेकच्चे चार-पाच दाणेही काही तासांत तीव्र उलट्या-जुलाब घडवू शकतात. विजेच्या मंद-शेगडीचे तापमान उत्कलनबिंदूपर्यंत पोहोचत नाही, तेथे धोका अधिक. भिजवलेले दाणे किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास, खळखळून उकळलेच पाहिजेत. कुकर हे काम चोख करतो. अकस्मात उलट्या सुरू झालेले मूल समोर आले, तर आदल्या जेवणात राजमा होता का, हे अवश्य विचारावे.

सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी मीठ व चीज घालण्यापूर्वीच चार चमचे बाजूला काढून, साले राहणार नाहीत असे गाळणीतून घोटून द्यावे. पाकिटातील सूपापुढे हे स्वस्त, पोटभरीचे, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांना एकाच पातेल्यातून वाढता येते.