"ॲप कसं वाटतं?" हा प्रश्नच विचारू नका

न्हावा शेव्याच्या ट्रक पार्किंगमध्ये ट्रेलरवाल्या दादांना विचारलं, "ॲप कसं वाटतं?" "बरंय." विषय संपला!

मग म्हटलं, "कालचा कंटेनर गेटातून कसा नेलात, दाखवा ना." तेव्हा कळलं, दादा ॲपमध्ये कंटेनरचा नंबर टाइप करतच नाहीत. कंटेनरच्या दाराचा फोटो काढून ऑफिसला व्हॉट्सॲप करतात.

सॉफ्टवेअरवाल्यांनो, मत नको, कालचं काम विचारा. आणि बोटं कुठे अडतात ते बघा.

इथे ती नंबरावर अडली. कंटेनर नंबरात ४ अक्षरं, ६ आकडे आणि शेवटी चौकटीतला १ तपासणीचा आकडा असतो. तो आधीच्या १० अक्षर-आकड्यांवरून गणिताने निघतो. म्हणजे टायपिंगच्या बहुतेक चुका नेट नसतानाही फोनच पकडू शकतो. पण ही सोय दादा कधीच मागणार नाहीत. ते फोटोच काढतील.

ते गणित हवंय कुणाला? विचारा, सांगतो.