नाताळच्या भेटींचा कागद

नाताळच्या भेटी नक्षीदार रंगीत कागदात बांधण्याची अमेरिकेतली आजची पद्धत जेमतेम शंभर वर्षांची आहे. त्याआधी भेटीभोवती लाल, हिरवा किंवा पांढरा पातळ टिश्यू कागद असे. १९१७ च्या डिसेंबरात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला हा कागद संपला. तेव्हा रॉली हॉल यांनी पाकिटांना आतून अस्तर लावण्याचे फ्रेंच बनावटीचे नक्षीदार ताव विक्रीला मांडले. १० सेंटला एक, असे ते हातोहात खपले. पुढे हॉल बंधू असा कागद स्वतःच छापू लागले. 'हॉलमार्क' ही कंपनी त्यांचीच.

कागद पुन्हा वापरण्याच्या आड आली ती चिकटपट्टी. पारदर्शक चिकटपट्टी १९३० मध्ये बाजारात आली. तोवर पुडके दोरा किंवा फितीने बांधले जाई, गाठ सोडली की अख्खा ताव हाती येई. चिकटपट्टी ओढली की मात्र छापील थर सोलून निघतो आणि मधोमध पांढरा ओरखडा उरतो. म्हणून घडी घट्ट घालून दोऱ्याने बांधणे केव्हाही चांगले. पट्टी लावायचीच, तर कडेला एखादा लहान तुकडा पुरतो.

कागद निवडताना त्याची चमक फसवी ठरते. आरशासारखा लखलखणारा कागद बहुधा धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिक असते. ब्रिटनमध्ये त्यासाठी घरगुती परीक्षा करतात: तुकडा मुठीत चुरगळून सोडायचा. गोळा तसाच राहिला तर तो कागद, आपोआप उलगडला तर प्लास्टिक. चमकी लावलेला कागद मात्र या परीक्षेत पास झाला तरी रद्दीत घालू नये, कारण तिचे कण लगद्यात मिसळतात. सगळ्यात भरवशाचा म्हणजे शाळेच्या वह्यापुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद. त्याचे तंतू लांब आणि चिवट असल्याने तो घडीवर लवकर फाटत नाही. त्याच्यावर लाल दोरा आणि हिरव्या पानांची डहाळी एवढी सजावट नाताळला शोभून दिसते.

वापरलेल्या तावाच्या फाटक्या कडा कापून टाकाव्यात, उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवावी आणि ताव घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून ठेवावेत. मोठा ताव दुसऱ्या वर्षी लहान भेटीला येतो, उरलेल्या तुकड्यांतून नावाच्या चिठ्ठ्या निघतात.

जपानमध्ये हेच काम फुरोशिकी नावाचे चौकोनी कापड करते. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी लोकांपुढे आणली. तिला ना चिकटपट्टी लागते ना कात्री, आणि भेट हाती दिल्यावर ते कापड देणाऱ्याने परत नेण्याची जुनी रीत आहे.