टाकीत काठी उतरवा, माणूस नव्हे!

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतील एका गृहनिर्माण सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन सफाई कामगारांचा बळी गेला. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा कुठे सप्टेंबर २०२१ मध्ये प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश शासनाला झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. पण मुळात माणूस टाकीत उतरतोच का, हा आमचा सवाल आहे.

उत्तर साधे आहे. टाकी वेळेवर कुणी तपासत नाही. वर्षानुवर्षे तळाशी गाळ साचतो, घट्ट होतो, सक्शन गाडीच्या पाइपाने उचलत नाही. मैला अंगणात वाहू लागला की मालकाला जाग येते आणि ठेकेदार फावडे-बादली देऊन माणूस उतरवतो. तो माणूस कोणत्या जातीचा असतो, हे या देशात विचारावे लागत नाही. जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

वास्तविक टाकीची तपासणी बाहेर उभे राहूनच होते. झाकण उघडून काही वेळ वायू जाऊ द्यावा. जवळ काडी पेटवू नये, कारण आत मिथेन असतो. तोंड घालून वाकू नये. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत सोडावी आणि सावकाश वर घ्यावी. काळा डाग जेथवर लागला, तेथवर गाळ. वरच्या तवंगाची जाडीही अशीच काठीने मोजता येते. गाळ आणि तवंग मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करावा. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. आत येणारा व बाहेर जाणारा पाइप शाबूत आहे काय, वायुनळी मोकळी आहे काय, शोषखड्ड्याभोवती जमीन ओली राहते काय, हेही पाहावे. यासाठी कुणालाही आत उतरावे लागत नाही.

आत हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचे प्रमाण वाढले की वास येणेच बंद होते. म्हणूनच पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही परत येत नाही.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांविना टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा फक्त ठेकेदाराला लागू नाही. काम सांगणारा घरमालक आणि सोसायटीही त्यात येते. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने २०१८ पासून टाक्या भरून वाहण्याची वाट न पाहता पाळीपाळीने उपसण्याची योजना राबवली. वाईला जमते, ते इतरांना का जमू नये?

आणि एक कडू गोष्ट आपल्यांनाही सांगितली पाहिजे. आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, ज्यांनी कॉलनीत घर बांधले, त्यांच्याही अंगणात टाकी आहे. कित्येकांच्या टाकीचे झाकण फरशीखाली गाडले गेले आहे. तेव्हा बांधवांनो, आजच विचारा : आपल्या टाकीचे झाकण कुठे आहे? शेवटचा उपसा केव्हा झाला? आणि त्या दिवशी आत कोण उतरले होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कुणीही नाही' असे देता आले, तरच भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे आपल्याला ताठ मानेने पाहता येईल.