सावित्रीच्या मुखापलीकडचा मासा

महाबळेश्वरीं उगम पावून कृष्णा, वेण्णा व कोयना यांचें पाणी शेवटीं पूर्वसमुद्रास जातें. सावित्री मात्र कोंकणांत उतरून बाणकोटाजवळ पश्चिमसमुद्रास मिळते. त्या समुद्रांतील खडकांच्या कपारींत राहणाऱ्या जाड ओठांच्या माशास हेकरू किंवा गोब्रा म्हणतात. आमच्या पानांत मासा येत नाहीं; तथापि याचें चरित्र वाचकांनीं ऐकावें असें आहे. याच्या बहुतेक जातींत मासा प्रथम मादी असतो व पुढें वाढल्यावर त्याचा नर होतो. शिखंडीची कथा ज्यांस नवलाची वाटते त्यांनीं इकडे पाहावें!

अटलांटिकच्या प्रवाळखडकांवर हौशी मंडळी दिवसभरासाठीं नौका भाड्यानें घेऊन गळानें याचीच शिकार करितात. प्रत्येकास मोठा मासा हवा. म्हणजे नेमके नरच जातात. शिवाय नासाऊ हेकरू हिवाळ्यांत पौर्णिमेच्या सुमारास ठरल्या जागीं विणीस जमतो. ती जागा कोळ्यांस सांपडली कीं सबंध थवा संपलाच. अमेरिकेनें १९९० सालीं प्रचंड गोलायथ हेकरू धरण्यास बंदी केली. फ्लॉरिडांत २०२३ पासून सोडतीनें थोडी मोकळीक मिळाली.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते, आणि मालवणास १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. विजयदुर्गापासून सुमारें शंभर किलोमीटरवरील, आंग्र्यांचें नांव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळमंच मात्र त्याच्या हद्दीबाहेर आहे.