खोलीतला अँटेना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. तेव्हा हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन मदतीला धावून गेले. त्यांना ‘हॅम’ म्हणतात. छंद म्हणून शिकलेली विद्या संकटात कामी आली.

रेडिओलहरी पकडण्यासाठी अँटेना लागतो. तो महागच असतो असे नाही. गच्ची नसलेल्या भाड्याच्या खोलीतही तो बनवता येतो. त्यात पैशापेक्षा मापाला महत्त्व आहे.

हे माप कसे काढतात? रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे ३० कोटी मीटर जातात. हॅम मंडळींचा एक पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा आहे. १४५ मेगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला साडेचौदा कोटी कंपने. भागाकार केला, की एका लहरीची लांबी सुमारे २०७ सेंटिमीटर येते. अँटेना तिच्या निम्मा हवा. प्रत्यक्षात तार आणखी पाच टक्के आखूड ठेवतात. म्हणून ४९ सेंटिमीटरचे दोन तुकडे पुरतात.

आता कृती पाहू. एक मीटरहून थोडी लांब लाकडी पट्टी घ्या. तांब्याच्या तारेचे दोन्ही तुकडे तिच्यावर एका सरळ रेषेत बांधा. मध्ये बोटभर जागा सोडा. टीव्हीच्या केबलचा उरलेला तुकडा घ्या. तिची आतली तार एका तुकड्याला आणि बाहेरची जाळी दुसऱ्याला जोडा. केबलचे दुसरे टोक संचाला लावा. पट्टी उभी टांगा. मात्र विजेच्या तारांपासून दूर ठेवा.

आपल्या अकोला-अमरावतीकडे पुष्कळ घरांवर टिनाचे पत्रे असतात. पत्रा लहरींना अडवतो. म्हणून पट्टी खिडकीजवळ टांगावी. या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. त्यामुळे अकोल्याच्या खोलीतून थेट अमरावतीशी बोलता येईल, असे समजू नका. गावातल्या गावात मात्र हा अँटेना चांगले काम देतो.

रेडिओवरून बोलायचे असेल, तर केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी वय किमान १२ वर्षे हवे. तोपर्यंत माप घ्यायला, तार कापायला आणि कान देऊन ऐकायला शिका. संकट सांगून येत नाही. तयारी मात्र आधीच करावी लागते.

स्वाध्याय
१. अँटेना पत्र्याखाली न टांगता खिडकीजवळ का टांगावा?
२. १०० मेगाहर्ट्‌झसाठी तारेचा प्रत्येक तुकडा किती लांब हवा? गणित करून सांगा.